व्हर्लिन कुबिचेक रायफल जुळवतो

अमेरिकेतल्या लुबर गावात कुणाचं काही अर्धवट राहिलं, की ते ‘कुबिचेक झालं’ असं म्हणत. पुलाचं काम रखडलं, ठरलेलं लग्न मोडलं, कुणाचं पोर कॉलेज सोडून परत आलं, तरी शब्द हाच. ज्याच्या नावावरून तो पडला, तो व्हर्लिन कुबिचेक काउंटीचे खडीचे रस्ते सपाट करायचं यंत्र चालवायचा. हा शब्द त्यानं स्वतःही दोन-चारदा वापरला होता, तो आपल्याच नावाचा आहे हे ध्यानात न येता.

नोकरीत तो चोख होता. घोळ सगळा घरी. मागच्या दारापुढे त्यानं लाकडी ओटा बांधला, पण पायऱ्या राहिल्या, म्हणून त्याची बायको अर्लिस दुधाचा रिकामा क्रेट उलटा टाकून त्यावरून ये-जा करी. एकदा त्यानं होडी करायला घेतली. ती पुरी व्हायच्या आत शेजारचं तळं आटलं. सफरचंदं दाबून रस काढायचं यंत्र मात्र पुरं झालं. फक्त रस कुठून बाहेर यायचा याचा विचार राहिला होता. अर्लिस या सगळ्यावर फारसं बोलत नसे. तिचं म्हणणं एवढंच, की नवरे दारू पितात, जुगार खेळतात, त्या मानानं लाकूड वाया घालवणारा परवडला.

अर्लिसकडे मेंढ्या होत्या. फार नव्हे, पण तिच्या जिवाच्या. मार्च आला की कोकरं होत आणि त्यांच्यामागे कायोटी येत. कायोटी म्हणजे कोल्ह्याचा थोरला भाऊ; कोल्ह्याला निदान थोडी लाज असते. आदल्या वर्षी त्यांनी तीन कोकरं नेली होती, तीही अर्लिस खिडकीत उभी राहून भांडी घासत असताना, तिच्या डोळ्यांदेखत. व्हर्लिन वडिलांची जुनी रायफल घेऊन धावला. पहिली गोळी हुकली. खिट्टी ओढून दुसरी आत सारेपर्यंत कायोटी कुंपणापलीकडे पोचलेला, आणि तिथून त्यानं वळून पाहिलं. व्हर्लिन शपथेवर सांगायचा, की तो हसला.

त्या रायफलीचं आणि व्हर्लिनचं कधी जमलंच नाही. वडील सहा फुटी, हातपाय लांब. व्हर्लिन आईवर गेलेला. दस्ता खांद्याला लावला की त्याची बोटं चापापर्यंत जेमतेम पोचत, मान ताणून नेम धरावा लागे. वडील हयात असेपर्यंत म्हणत, “बंदूक चांगली आहे, पोरगं आखूड पडलं.” ते लोकांसमोर म्हणत, आणि लोक हसत.

तेव्हा नवी घ्यायची हे ठरलं. कसली, हेही ठरलं: एआर जातीची, जिचे भाग सुटे करता येतात, बदलता येतात, दस्ता हवा तसा मागंपुढं सरकवता येतो आणि दर गोळीला खिट्टी ओढावी लागत नाही. गावात निम्म्या घरांत ती होतीच. अडलं ते पुढच्या प्रश्नावर. तयार विकत घ्यायची की भाग आणून घरी जुळवायची?

धान्याच्या कोठाराशेजारच्या दुकानात रोज सकाळी कॉफीला म्हातारे जमत आणि कॉफीचे पैसे कुणी द्यायचे यासाठी फासे टाकत. व्हर्लिननं तिथं सहज विषय काढला, आणि मग आठवडाभर फासे बाजूलाच राहिले. एका गटाचं म्हणणं, जुळवलेली स्वस्त पडते. दुसऱ्याचं, स्वस्त फक्त पहिला भाग विकत घेईपर्यंत पडते, पुढे माणूस चांगली नळी बघतो, मग चाप बघतो, मग बायकोपासून टपालाची खोकी लपवतो. एक जण म्हणाला, की स्वतः जुळवली म्हणजे बिघडली तर कुठं बिघडली ते कळतं. त्यावर दुसरा म्हणाला, व्हर्लिनच्या बाबतीत ते आधीच कळलेलं आहे.

तो दुसरा म्हणजे ड्वेन सेडलाक, अर्लिसचा सख्खा भाऊ.

ड्वेन बियाणं विकायचा आणि हयातीत त्यानं खिळा ठोकला नव्हता. त्याच्या घरी सगळं तयार येई, खोक्यातून, वर फुगेवाला कागद. त्याची एआरही तशीच आली होती, फोमच्या पेटीत, दुर्बिणीसकट. ती त्यानं इतक्या जणांना दाखवली होती, की पेटीच्या कड्या ढिल्या झाल्या. नाताळच्या जेवणाला व्हर्लिननं केलेल्या खुर्चीत बसायच्या आधी तो दरवर्षी छातीवर क्रूस काढायचा. पोरंटोरं खिदळत. व्हर्लिनही हसायचा, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

“घे रे तयार,” ड्वेन त्या सकाळी म्हणाला. “कोकराला वाचवायचंय ना तुला? का कायोटी म्हातारा होऊन मरायची वाट बघायची आहे?”

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. व्हर्लिननं दोन्ही केलं होतं आणि दोन्हीत त्याला फारसं विचारलं गेलं नव्हतं. ड्वेनच्या त्या वाक्यानं मात्र त्याचा निर्णय झाला. घरी जाऊन त्यानं अर्लिसला सांगितलं, की जुळवलेली स्वस्त पडते. अर्लिसनं बटाटे सोलता सोलता विचारलं, की ड्वेन काय म्हणाला. व्हर्लिननं सांगितलं. “हं,” ती म्हणाली, आणि पुढचा बटाटा घेतला.

बंदुकांचं दुकान रॉली थीसनचं होतं. अर्ध्या दुकानात बंदुका, अर्ध्यात मासे पकडायचे गळ आणि जिवंत गांडुळं. तयार की जुळवलेली या वादात रॉली दोन्ही बाजूंनी होता, कारण तो दोन्ही विकायचा. सरकारच्या लेखी बंदूक म्हणजे फक्त चाप ज्यात बसतो तो खालचा सांगाडा, तेव्हा त्याच्यासाठी रीतसर चौकशी झाली, रॉलीनं फोन केला, पलीकडून होकार आला, आणि तळहातावर मावेल एवढा अॅल्युमिनियमचा तुकडा घेऊन व्हर्लिन घरी आला. त्याच्याकडे बघून अर्लिसनं विचारलं, की याच्यानं कायोटीला मारायचं असेल तर फेकून मारायचं का.

फेब्रुवारी होता. गॅरेजात हात गोठत, म्हणून व्हर्लिननं स्वयंपाकघरातलं टेबल घेतलं. एकेक खोकं टपालानं येऊ लागलं. तो कामावरून आला की हात धुऊन टेबलाशी बसे, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवी, आणि जेवायला हाक मारली तर “आलो” म्हणून तिथंच बसून राही. एरवी तो घाईचा माणूस. ओट्याची फळी कापताना माप एकदाच घ्यायचा, तेही अंदाजानं. पण इथं अंदाज चालत नव्हता. भाग बसला तर बसला, नाहीतर तो टेबलावर पडून तुमच्याकडे बघत राहतो. एक खीळ ठोकायला त्यानं अख्खा रविवार घेतला; सांगाड्यावर ओरखडा येऊ नये म्हणून भोवती निळी चिकटपट्टी लावली, ती काढली, पुन्हा लावली. अर्लिसनं हे पाहिलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात या माणसानं एखादी गोष्ट दुसऱ्यांदा केलेली तिनं पाहिली नव्हती.

मग स्प्रिंग उडाली.

त्या रायफलीत एक स्प्रिंग असते, तांदळाच्या दाण्याहून थोडी लांब, आणि तिचा स्वभाव वाईट असतो. ती दाबून धरायची आणि वरून पिन सरकवायची. व्हर्लिननं दाबून धरली, शिंक आली, आणि स्प्रिंग टिंग करून दिव्याला लागून गेली. स्वयंपाकाच्या ओट्यावर अर्लिसनं कोलाचेचं, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचं, पीठ फुगायला ठेवलं होतं, परातीत, भरपूर. शुक्रवार होता, ईस्टरआधीच्या उपासाचा काळ होता, शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून संध्याकाळी चर्चच्या तळघरात माशांचं जेवण होतं आणि गोड करायची पाळी तिची. दोघांनी गुडघ्यावर बसून फरशी तपासली. फ्रीज सरकवला. पिठाकडे दोघांनीही पाहिलं, आणि मग एकमेकांकडे.

पीठ फेकणं शक्य नव्हतं, दुसरं करायला वेळ नव्हता. अर्लिसनं ते चाचपलं, लाटलं, आलुबुखाऱ्याचं सारण भरून भाजलं. जेवणाच्या वेळी ती स्वतः उठून उभी राहिली आणि सांगितलं, की कोलाचे झकास झाले आहेत, फक्त एकात, कदाचित, व्हर्लिनच्या बंदुकीची स्प्रिंग असेल, तेव्हा जपून.

सगळ्यांनी आपापल्या बशीत पाहिलं. मग कुणीतरी विचारलं, की शुक्रवारी चालतं का. फादर ब्लाझेक हे गंभीर प्रकृतीचे गृहस्थ. त्यांनी क्षणभर विचार केला आणि स्प्रिंग मांसात मोडत नसल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर अख्ख्या गावानं काटेरी मासा खावा तसे ते कोलाचे खाल्ले, जिभेनं चाचपत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. ड्वेननं तीन खाल्ले. तो म्हणाला, आपल्याला सापडली तर तिच्यासकट रायफल आपली. कुणालाच सापडली नाही. ती गिळली कुणी याबद्दल पुढे बरेच दिवस तर्क चालले, आणि एक-दोघांनी तर घरी जाऊन खात्रीही करून पाहिली म्हणतात.

नवी स्प्रिंग रॉलीनं फुकट दिली. पण एवढ्यात मार्च उलटला होता, वरच्या अर्ध्या भागाची नळी टपालात कुठंतरी अडकली होती, आणि कोकरं झाली होती. एका सकाळी व्हर्लिन यंत्र घेऊन रस्त्यावर असताना कायोटींनी दोन नेली. तो परतला तेव्हा अर्लिस कुंपणापाशी उभी होती. ती वळून स्वयंपाकघरात गेली. टेबलावरच्या सुट्या भागांकडे तिनं एकदा पाहिलं, किल्ल्या घेतल्या आणि ट्रक काढून निघून गेली.

व्हर्लिनला वाटलं, ड्वेनकडे त्याची रायफल मागायला गेली. तो अंगणात उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची खरीखुरी लाज वाटली. दुसऱ्यांनी हसण्याची सवय होती त्याला. पण ती दोन कोकरं त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवली होती.

अर्लिस दुपारी परत आली. ट्रकमागच्या गाड्यात एक गाढवीण होती.

“हिचं नाव बर्निस,” अर्लिस म्हणाली. “हिला कुत्र्याच्या जातीचं काहीही खपत नाही. जुळवायला लागत नाही. चारा घातला की चालू.”

बर्निसनं पहिल्याच आठवड्यात एका कायोटीला कुंपणापर्यंत लाथाडत नेलं. त्याच्या किंकाळ्या दोन शेतं पलीकडे ऐकू गेल्या. त्यानंतर तिथं कुणी फिरकलं नाही. कॉफीच्या टेबलावर ड्वेन म्हणाला, की अर्लिसकडे आता दोन गाढवं झाली. हे तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, खरं आहे, पण त्यातलं एक कामाचं निघालं.

आता रायफलीची गरज उरली नव्हती. व्हर्लिनच्या सगळ्या कामांचा शेवट इथंच होत आला होता: गरज संपायची, आणि मग कामही. टेबल आवरून सगळं खोक्यात भरायचं त्यानं जवळजवळ ठरवलं होतं. पण नळी आली, आणि नुसती बसवून तर बघू म्हणून तो बसला. मग चाप. मग दस्ता, जो त्यानं खांद्याला लावून पाहिला, एक खाच आत घेतला, पुन्हा लावून पाहिला. मान ताणावी लागली नाही. बोट चापावर आपसूक गेलं, जिथं ते जायला हवं तिथं. तो स्वयंपाकघरात तसाच रिकामी रायफल धरून उभा राहिला, इतका वेळ, की अर्लिसनं विचारलं, पाठ धरली का.

रॉलीनं ती उलटीपालटी करून तपासली, आपल्या मापांनी मापली, गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत नेऊन पहिल्या गोळ्या स्वतः झाडल्या. मग म्हणाला, “कुठं चुकलंय ते शोधतोय. सापडत नाही.” व्हर्लिनला आजवर मिळालेली ही सर्वांत मोठी पदवी.

जूनमध्ये गावच्या क्लबाची नेमबाजीची स्पर्धा होती, त्याच खाणीत, रविवारच्या प्रार्थनेनंतर. बक्षीस धुरावर मुरवलेली डुकराची अख्खी मांडी. निशाणाचे कागद लावलेल्या फळ्यांपैकी व्हर्लिनच्या वाट्याला सातवी आली, ड्वेनच्या आठवी. ड्वेननं पेटी उघडली, दुर्बिणीवरची झाकणं काढली, आणि व्हर्लिनच्या रायफलीकडे बघून छातीवर क्रूस काढला. लोक हसले. व्हर्लिन आडवा झाला, कानावर झाकणं चढवली, आणि जग एकदम शांत झालं. त्यानं पाच गोळ्या झाडल्या. प्रत्येक वेळी रायफल खांद्याला हलकीशी टेकली आणि पुन्हा जागेवर आली. उठला तेव्हा त्याला ठाऊक होतं, की छान झालं.

सातव्या फळीवर एकही भोक नव्हतं.

कागद कोराच. कुणीतरी विचारलं, की गोळ्या पुढून निघाल्या ना नक्की. दुसऱ्यानं खाणीमागच्या शेतातल्या गाईंची काळजी व्यक्त केली. व्हर्लिननं रायफल रिकामी आहे ना हे दोनदा पाहिलं आणि नळी जमिनीकडे धरून उभा राहिला. एवढ्यात आठव्या फळीशी गेलेल्या माणसानं हात वर केला. तिथं दहा भोकं होती. पाच इकडंतिकडं विखुरलेली, चरायला सोडलेल्या शेरडांसारखी. आणि पाच अगदी मध्यावर, कॉफीच्या कपाखाली झाकतील अशी.

आपली फळी सोडून व्हर्लिन शेजाऱ्याच्या फळीवर नेम धरून बसला होता.

क्लबाचा नियम जुना होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. ज्याच्या कागदावर भोकं, त्याची ती. जास्त असली तर त्यातली सर्वांत चांगली पाच धरायची. चुकीच्या फळीवर झाडणाऱ्याला शून्य. त्या नियमानं ड्वेन सेडलाक पहिला आला आणि व्हर्लिन कुबिचेक शेवटचा. मांडी ड्वेनच्या हातात दिली तेव्हा टाळ्या पडल्या, पण वाजवणारे व्हर्लिनकडे बघत होते. ड्वेननं ती घेतली, गाडीत ठेवली आणि नेहमी थांबतो तसा बिअरला न थांबता गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऊन अजून ओट्यावर असताना, तो बहिणीच्या घरी आला. क्रेटवर पाय देऊन वर चढला आणि बक्षिसाची मांडी टेबलावर ठेवली.

“ही तुझी,” तो व्हर्लिनला म्हणाला.

“कागद तुझा होता. नियम आहे.”

“खड्ड्यात गेला नियम. मी कुठं मारल्या ते मला माहीत आहे. एक तर बहुतेक शेजारच्या राज्यात पडली.”

अर्लिसनं सुरी आणली. तिघं खायला बसले. ड्वेन गप्प होता, आणि ते इतकं विचित्र होतं, की अर्लिसनं दोनदा मीठ पुढं केलं. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याची बायको लॅव्हॉन गेली होती. त्यानंतर त्याच्या दारात येणारी खोकी दुप्पट झाली होती. टपालवाला गमतीनं म्हणायचा, की ड्वेनमुळे माझी नोकरी आहे. ती खोकी तो उघडतो की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं. अर्लिसनंही नाही.

“तू ते सगळं जुळवत बसायचास,” शेवटी ड्वेन बशीकडे बघत म्हणाला, “तेव्हा डोक्यात काय असायचं?”

व्हर्लिननं विचार केला. “काही नाही. तोच तर फायदा.”

“मला तेच हवंय,” ड्वेन म्हणाला. “घरी बसलो की डोक्यात फार असतं, गड्या.”

व्हर्लिननं आणखी एक काप उचलला. या माणसानं वीस-एक नाताळ त्याच्या खुर्चीवर क्रूस काढला होता, आणि आता उट्टं काढायला याहून चांगली संध्याकाळ मिळाली नसती. तोंडाशी एक-दोन वाक्यं आलीही. ती त्यानं मांडीच्या घासाबरोबर गिळली आणि विचारलं, की रॉलीकडून खालचा सांगाडा कधी आणतोस.

ड्वेननं तो त्याच आठवड्यात आणला. दर गुरुवारी तो येऊ लागला. रायफल त्याची, म्हणून हात त्याचेच. व्हर्लिननं आपले हात मांडीखाली दाबून ठेवले आणि नुसतं बघितलं, हे त्याला जन्मभरातल्या सगळ्या कष्टांहून जड गेलं. ड्वेनला हातोडी कुठून धरतात इथपासून सुरुवात होती. त्यानं अंगठा चेचला, शिव्या दिल्या, एक भाग उलटा बसवला, तो काढताना दुसरा तोडला, आणि लॅव्हॉन गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत तो कपडे धुवायचं यंत्र कसं लावायचं तेही न कळून रडत बसला होता, हे त्यानं असंच एका गुरुवारी, पिन कुठल्या भोकात जाते ते विचारता विचारता, सांगून टाकलं. व्हर्लिननं भोक दाखवलं. अर्लिस भांडी विसळत उभी होती, तिनं मागं वळून पाहिलं नाही. फक्त नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

जुळायला ऑक्टोबर उजाडला. रॉलीनं तपासून दिली, एक स्क्रू घट्ट केला, बाकी ठीक म्हणाला. दोघं मेव्हणे खाणीत गेले. मक्याची कापणी चालू होती, हवेत भुसा होता. ड्वेन आडवा झाला, कानावर झाकणं चढवली, श्वास सोडला, आणि फार काळजीपूर्वक चाप ओढला. टक असा आवाज झाला. पुन्हा ओढला. काही नाही. त्यानं मान वळवून व्हर्लिनकडे पाहिलं, चेहरा पांढरा पडलेला.

“ड्वेन,” व्हर्लिन म्हणाला, “गोळ्या भरायच्या राहिल्या.”

ड्वेननं रायफल जपून खाली ठेवली. मग तो हसायला लागला. आधी खांदे हलले, मग तो कुशीवर वळला, खडीत पालथा पडला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिला. व्हर्लिनलाही राहवलं नाही, पण त्यानं स्वतःला आवरलं. ते हसणं ज्याचं त्यालाच पुरं करू द्यावं, असं त्याला वाटलं. तो ट्रकच्या मागच्या फळीवर बसून राहिला, आणि ड्वेन उठून बसल्यावर त्यानं गोळ्यांनी भरलेलं मॅगझिन त्याच्या हातात दिलं.